ओठांआडची

थंड पाणी प्यायलं की खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी सुई टोचल्यासारखं व्हायचं, एवढीच तक्रार होती. तेवढ्यासाठी कोण दवाखान्याची पायरी चढतं? पण एका दुपारी दुकानात कुणाचं माप घेता घेता तिची नजर समोरच्या आरशात स्वतःच्या तोंडावर गेली, आणि ते दात तिला लांब दिसले. घोड्याचे असावेत तसे. हिरडी खाली उतरली होती आणि दातांचा पिवळट बुंधा उघडा पडला होता.

घरात आणि दुकानात तिला सगळे टाचणी म्हणायचे. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे नाव शोभतंच, पण तिला ते ठेवलं नवऱ्यानं. अंगानं काटकुळी, जिभेनं टोकदार, आणि ओठांत सदोदित चार-दोन टाचण्या धरलेल्या. त्या ओठांतून न काढताच ती गिऱ्हाइकाशी बोलायची, हसायची, भांडायची सुद्धा. कात्री हाताशी असली तरी दोरा दातांनीच तोडायचा. हिरडीनं किती वर्षं सोसायचं?

हिरड्यांच्या डॉक्टरीणबाई हसतमुख होत्या. त्यांनी आरसा हातात देऊन सगळं दाखवलं.

"केस वाढतात, नखं वाढतात. हिरडी नाही वाढत. गेली ती गेली. आता काही केलं नाही तर मागोमाग दातही जातील."

"मग करायचं काय?"

"ठिगळ लावायचं. एरवी टाळूची कातडी काढून लावते मी. पण तुमची टाळू फारच पातळ आहे. बाहेरची आणावी लागेल."

"बाहेरची म्हणजे कुणाची?"

"मेल्यावर दान केलेली असते. धुऊन, त्यातला सगळा जीव काढून टाकतात. नुसती जाळी उरते. तुमच्या भाषेत अस्तर म्हणा ना. त्यात तुमचं रक्त शिरतं, तुमची हिरडी घर करते, आणि हळूहळू ती तुमचीच होऊन जाते."

अस्तर म्हटल्यावर टाचणीला पटलं. तरी उठता उठता तिनं विचारलंच, "कुणाची ते कळतं का?"

"नाही. आणि कळून करायचंय काय?"

शस्त्रक्रिया दिवसाउजेडी झाली. दुखलं असं काही नाही. तोंडाचा खालचा भाग दुसऱ्या कुणाचा असावा इतका बधिर होता. लवंगेच्या तेलाचा आणि लोखंडाचा वास नाकात भरून राहिला होता. डॉक्टरीणबाई टाके घालत होत्या आणि वरच्या दिव्याच्या काचेत टाचणीला त्यांचा हात दिसत होता. टीप सरळ आहे, तिच्या मनात आलं, टाका बारीक आहे.

निघताना बाईंनी बजावलं, "बोलायचं नाही. ओठ ओढून बघायचं नाही. ओठ हलला की तुकडा हलेल, आणि तुकडा हलला की सगळं पाण्यात."

"म्हणजे घरात शांतता नांदणार तर," नवरा म्हणाला. तो छापखान्यात होता, दिवसभर बाहेर. घरी टाचणीजवळ राहणार होत्या त्या त्याच्या आत्याबाई.

आत्याबाईंचे कान लहानपणीच्या एका तापात गेले होते. त्या लोकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायच्या, आणि स्वतः बोलायच्या ते सपाट आवाजात, चढउतार नसलेलं. सगळं आयुष्य त्यांनी माणसांच्या तोंडाकडे बघत काढलं होतं. पण माणसं बोलता बोलता पाठ फिरवतात, तोंडावर हात धरतात, घास चावत बोलतात. आणि सून म्हणून घरात आली ती ओठांत टाचण्या धरून बोलणारी. दोघींचं कधी वाकडं नव्हतं. पण आत्याबाईंना तिचं निम्मं बोलणं कळायचं नाही, आणि टाचणीला ते कधी लक्षात आलं नव्हतं.

पहिल्याच दुपारी, दुखू नये म्हणून दिलेल्या गोळ्यांच्या गुंगीत टाचणीचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पडदे ओढलेले होते आणि आत्याबाई पलंगाजवळ खुर्ची घेऊन तिच्या तोंडावर झुकल्या होत्या.

"बोलू नकोस सांगितलंय ना? झोपेत सारखी बोलत होतीस."

टाचणीनं उशाशी ठेवलेल्या खाकी कागदावर कपड्यांच्या खडूनं लिहिलं, 'काय?'

"उजेड लागतोय म्हणालीस. म्हणून पडदा ओढला."

इथवर ठीक होतं. झोपेत माणूस काय नाही बोलत?

दुसऱ्या दिवशी मात्र आत्याबाईंनी जरा हसतच सांगितलं, "औषधानं डोकं फिरलंय तुझं. मला विचारत होतीस, तुम्ही कोण. आणि हे घर कुणाचं."

टाचणी हसली नाही. हसायला परवानगीही नव्हती. पण त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. या खोलीतून त्या खोलीत, खिडकीतून मोरीपर्यंत, तिथून परत. शिवायला घ्यावं तर टीप वाकडी जायची. जीभ राहून राहून त्या टाक्यांकडे जायची. तिथे काहीतरी मऊ, फुगीर, कोमट होतं, आणि ते आपलं आहे असं जिभेला वाटत नव्हतं. झोपायचंच नाही असं ती ठरवायची. पण दुपारी आत्याबाई कोमट सूप आणून द्यायच्या, ते पोटात गेलं की पापण्या जड व्हायच्या. आणि जाग यायची तेव्हा जबडा दुखत असायचा, तासन् तास गप्पा मारल्यासारखा. ओठ ओले. टाके ताणलेले.

आत्याबाई बदलत चालल्या होत्या. दुपार झाली की केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून बसायच्या. खुर्ची रोज थोडी पुढे यायची. तोंडावर एक टवटवी आली होती, बऱ्याच वर्षांनी माहेरचं माणूस भेटल्यावर येते तशी. मी काय बोलत होते असं टाचणीनं लिहून विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही. असंच."

टाचणीनं नवऱ्याला सगळं लिहून दाखवलं. त्यानं आधी थट्टेवारी नेलं. मग तिचे डोळे बघितले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी बसला. ती झोपली. उठली तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता, पलंगापासून जमेल तितका लांब.

"ओठ हलतात तुझे," तो हळूच म्हणाला. "आवाज नाही. श्वाससुद्धा नाही लागत मध्ये... पण तू बोलतेस तसे नाही हलत गं."

तिनं भुवया उंचावल्या.

"तू डाव्या कोपऱ्यातून बोलतेस. उजवीकडे टाचण्या असतात ना तुझ्या. हे तसं नाही. हे सगळं तोंड उघडून, सावकाश... समोरच्याला नीट दिसावं म्हणून बोलावं तसं."

त्यानं आत्याबाईंना विचारून पाहिलं. त्यांनी त्याच्या ओठांवरचा प्रश्न वाचला आणि मान वळवली. "बायकांचं बोलणं आहे. तुला काय करायचंय त्यात?"

पुढच्या दुपारी सुपाचा पहिलाच घोट टाचणीला कडू लागला. तिनं वाटी खाली ठेवली आणि गोळ्यांची पट्टी पाहिली. कालच आणलेली पट्टी निम्मी रिकामी होती. ती वाटी घेऊन आत्याबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. बोलायचं नाही हे ती विसरली.

"सुपात काय घातलंत?"

ओठ ओढले गेले, कळ थेट कानापर्यंत गेली. आत्याबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळल्याची खूणही नव्हती.

"तू जागी असलीस की ती बोलत नाही."

"कोण ती?"

"नाव नाही सांगत. आठवलं की सांगेन म्हणते." आत्याबाईंचा तो सपाट आवाज आज खाली आला होता. "तू दिवसभरात माझ्याशी चार शब्द बोलतेस, ते पण टाचण्यांमधून. ती मला सगळं सांगते. एकेक शब्द स्वच्छ. माझ्याशी असं कुणी बोललेलंच नाही गं कधी."

टाचणीनं वाटी बाजूला ठेवली. "कुठे आहे ती?"

"तेच तर तिला कळत नाही. म्हणते, ओलं आहे सगळं. समोर दातांची भिंत आहे आणि फटीतून उजेड येतो. मधूनमधून..." आत्याबाई थांबल्या. "मधूनमधून एक मोठी जीभ येते आणि तिला चाचपून जाते. तेवढं तिला आवडत नाही."

टाचणीनं पायात चपला सरकवल्या आणि तशीच दवाखान्यात गेली.

"काढून टाका," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "दात गेले तरी चालतील. हे काढा."

बाईंनी ओठ अलगद खाली केला, दिवा जवळ ओढला आणि टाक्यांच्या कडेकडेनं नीट पाहिलं.

"बोलू नका म्हटलं तरी बोललात, पण हललं नाही. असं सुंदर जोडलेलं मी क्वचित पाहिलंय. रक्त शिरलंय, गुलाबी झालंय. आता तुमची हिरडी कुठे संपते आणि ती कुठे सुरू होते, मलाही सांगता यायचं नाही. काढू काय?"

टाचणीनं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. गोळ्या गरजेपेक्षा जास्त पोटात गेल्या, झोपेतली बडबड त्यातूनच आली, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी गोळ्या बंद केल्या, टाके काढले आणि आठवडाभरानं दाखवायला सांगितलं.

आणि खरंच, सगळं थांबलं. गोळ्या नसताना टाचणी झोपली, नवरा शेजारी बसून राहिला. ओठ मिटलेले ते मिटलेले. दुसऱ्या दिवशीही तेच. थंड पाणी लागेनासं झालं. आरशात दात पुन्हा माणसाचे दिसू लागले. नवऱ्याला धीर आला, तो पुन्हा थट्टा करू लागला.

आत्याबाई मात्र विझल्या. दुपारी येऊन खुर्चीवर बसायच्या, झोपलेल्या टाचणीच्या तोंडाकडे पाहत राहायच्या आणि उठून जायच्या. ठेवणीतले कपडे पुन्हा कपाटात गेले. टाचणीला त्यांचा राग येत होता, सुपाचा वास अजून नकोसा वाटत होता. पण त्यांचं ते एक वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. एवढ्या वर्षांत या बाईकडे धड तोंड वळवून आपण कधी बोललोच नाही, हे खोटं नव्हतं.

तिनं मनगटावर बांधायची टाचण्यांची गादी शिवली. ओठांत टाचणी धरायची नाही असं ठरवून टाकलं. काम घरी आणून आत्याबाईंच्या समोर बसायची, मान वर करून, सावकाश, सगळं तोंड उघडून बोलायची. गिऱ्हाइकांच्या गमती सांगायची. आधी आत्याबाई नुसत्या बघायच्या. मग उत्तरं देऊ लागल्या. मग हसू लागल्या. महिना गेला, आणखी एक गेला. घराला घरपण आलं. नवरा म्हणायचा, "आता तुम्हा दोघींत मला कुणी विचारत नाही."

एका संध्याकाळी दोघी शेंगा सोलत बसल्या होत्या. नवरा यायची वेळ झाली होती. टाचणीनं पुष्कळ दिवस मनात असलेला प्रश्न विचारला.

"आत्याबाई, ती गेली याचं अजून वाईट वाटतं का हो?"

आत्याबाईंना प्रश्न कळला नसावा असं वाटलं. त्यांनी तिच्या ओठांकडे पुन्हा पाहिलं.

"गेली? कुठे गेली?" त्या म्हणाल्या. "आता तुझ्या झोपेची वाट बघावी लागत नाही, एवढंच."

टाचणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. दिवे लावायचे राहिले होते. खोलीत शेंगांच्या सालांचा हिरवट, ओला वास कोंदला होता. आत्याबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी मान हलवली, कुणी काम सांगितल्यावर हलवावी तशी. मांडीवरची सालं झटकून उठल्या, बाहेरच्या दाराला आतून कडी घातली आणि परत येऊन आपल्या जागी बसल्या.

"कडी का लावलीत?" असं विचारायचं टाचणीच्या मनात होतं. तिनं तोंड उघडलं नाही. उघडायचा धीर झाला नाही.

जिन्यात ओळखीची पावलं वाजली. कुणीतरी दार ढकललं, मग टकटक केली. नवऱ्याची ती नेहमीची, घाईची टकटक. टाचणी उठायला लागली, तेवढ्यात आत्याबाईंचा हात तिच्या गुडघ्यावर येऊन पडला. त्यांची पाठ दाराकडे होती. डोळे तिच्या ओठांवरून हलले नव्हते.

"बस," त्या म्हणाल्या. "दार वाजतंय म्हणते... उघडायचं नाही म्हणते."

टाचणीनं बोटं उचलून ओठांवर ठेवली. ओठ मिटलेले होते.