दारावरचा 'ब'

"नळ येणार, गटार झाकणार, रस्ता होणार आणि आमचं घर जाणार? मग त्या नळाचं पाणी पिणार कोण?" चिमटी कडाडली.

सुट्टीचा तिसराच दिवस! चौकात वस्ती सुधारण्याचा नकाशा लागला होता. वर ठळक अक्षरं होती, 'कुणालाही हलवणार नाही'. खाली नव्या रस्त्याची लाल रेघ थेट चिमटीच्या घरावरून! मोठी माणसं मात्र डोक्याला हात लावून बसलेली.

"हा रस्ता सरळ का नाही? वेडावाकडा का पळतोय?" तिचा मावसभाऊ लंब्या म्हणाला.

नकाशातली रेघ जिथून जात होती, त्या वाटेनं चिमटी, लंब्या आणि शेजारचा चष्मिष चालत निघाले. चष्मिष दारं बघत होता. "अरे! रेघेतल्या अकराही दारांवर खडूनं 'ब' लिहिलंय!"

चिमटीची आई कारखान्यात शिवणकाम करायची. बाकी दहा घरांतलेही सगळे दिवसा कामावर.

त्यांनी ऑफिसात जाऊन घरांची मोजणी करणाऱ्या मोजणीवाल्याला गाठलं. "'ब' म्हणजे बंद," तो म्हणाला. "तुमच्या परीक्षेच्या दिवशी आलो, तर कुलूप होतं."

पलीकडच्याच टेबलावर साहेब होते. "'ब' म्हणजे बेवारस! रिकाम्या घरांवरूनच रस्ता नेलाय."

दोघांच्या टेबलांत दोन हातांचं अंतर, पण एकमेकांना विचारायला तोंड कुणाचं उघडलं नव्हतं! अशा शहाण्यांना काय म्हणावं?

"आता नकाशा मंजूर झालाय. अर्ज द्या, बघू," म्हणत साहेब मोजणीवाल्यासह संध्याकाळच्या चहाला निघाले. खोलीला कुलूप लागलं.

चिमटीनं खडू काढला. लंब्या आणि चष्मिष कामावरून परतणाऱ्यांना गाठायला कारखान्याच्या रस्त्यावर धावत सुटले.

साहेब परतले, तर दारावर भलामोठा 'ब' आणि समोर गर्दी!

"हा आगाऊपणा कुणाचा? मी फक्त चहाला गेलो होतो!"

"आणि माझी आई फक्त कामाला गेली होती!" चिमटी म्हणाली. "तुम्ही आमचं घरच पुसून टाकलंत!"

कामावरून परतलेल्या अकरा घरच्या माणसांनी अकरा किल्ल्या उंचावल्या. "मी बेवारस दिसतो का हो?" रंगारीकाकांनी विचारलं. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, माणसं घरात असताना, नव्यानं मोजणी झाली. रस्ता मागच्या पडक्या गोदामाकडे सरकला. एकही घर हललं नाही.

"शाब्बास! तुमच्यासारखी पोरं आमच्या ऑफिसात हवीत," साहेब ओशाळून म्हणाले.

"नको," आई चिमटीला जवळ ओढत म्हणाली, "तिला अजून प्रश्न विचारायची सवय आहे!"