दादाचे वरचे चार

उंदीर मोजून चारच दात खातो का? हे मी वहिनीला विचारलं, ती उठून आत गेली. कबर खणणाऱ्या काकांना विचारलं, ते म्हणाले, "पोरा, आधी चार घास खाऊन घे."

झालं असं, की दादाला पुरल्यावर आठ दिवसांनी मी त्याच्यासाठी जंगलातून फुलं आणायला गेलो. झाडांच्या सावलीत ती पांढरी फुलं येतात. वरून अगदी गरीब, पण रोप उपटलं की मुळाला दात. दातांसारखेच पांढरे, गुळगुळीत कंद, ओळीनं लागलेले. लहानपणी दादा ते मूळ ओठांत धरून माझ्यामागे धावायचा. पुढे सायकलवरून पडून त्याचेच वरचे चार दात गेले, कवळी आली. मी इतका हसलो की आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. त्यानंतर कवळी घातल्याशिवाय त्यानं कधी दारसुद्धा उघडलं नाही.

रोप मी मुळासकट कबरीवर लावलं. सकाळी ते उपटून आडवं पडलं होतं. मुळाचे चार दात गायब, बाकीचे जागच्या जागी. दुसरं लावलं. पुन्हा चारच. तिसऱ्या सकाळी ते चारही मातीवर पडले होते... ओले, थुंकल्यासारखे. तोंडात बसले नसावेत.

घरी येऊन विचारलं, "वहिनी, दादाची कवळी कुठंय?"

"उशाशी. पेल्यात. रोज पाणी बदलते."

"म्हणजे दादा तिथं..."

"मला तेवढीच ठेवायची होती रे. हसणं होतं त्याचं."

"तिथं तो तोंड मिटून बसला असेल, वहिनी."

पेला तिनंच आणून दिला. मी कवळी हातभर खोल पुरली.

दुसऱ्या सकाळी ती मातीवर होती. स्वच्छ. मी धावत घरी आलो, दातखीळ बसायची तेवढी बाकी होती. वहिनीनं कमरेवर हात ठेवले.

"नुसतीच दिलीस? चिकटवायची पावडर कोण लावणार? ढिली होती ती. दोघे भाऊ सारखेच धांदरट."

दादा गेल्यापासून ती पहिल्यांदाच कोणावर तरी ओरडली.

पावडर लावून कवळी पुन्हा पुरली, वर नवं रोप लावलं. डबी तिथंच उघडी राहिली. झाकण लावायचं मला कधीच सुचत नाही, दादा त्यावरून माझं डोकं खायचा.

सकाळी रोप ताठ उभं होतं. डबीला झाकण घट्ट लावलेलं. उचलून पाहिली तर हलकी... अर्धी संपलेली.

वहिनीला काही बोललो नाही. दुकानातून मोठी डबी आणली, कबरीवर ठेवली आणि झाकण नीट लागलंय ना, ते दोनदा पाहिलं.