खिडकीतली मांजर

कोडीताईने खोलीचं दार उघडलं आणि आत उभ्या असलेल्या माणसाने थेट तिची ओढणीच धरली.

"हा पडदा इथे कुणी लावला?" त्याच्या डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा होता.

"पडदा नाही, मी आहे... सोडा."

त्याने चष्मा काढला आणि कानापर्यंत लाल झाला.

तो प्रोग्रॅमर. मेंदूला मार लागलेल्या मुलांचं लक्ष आणि विचारशक्ती तपासण्यासाठी त्याने एक आभासी वर्ग बनवला होता. चष्मा घातला, की मूल थेट त्या वर्गात जाऊन बसायचं. ती मुलांच्या वॉर्डातली मानसतज्ज्ञ. सारखी कोडी घालते म्हणून मुलांची कोडीताई. आता तपासण्या दोघांनी मिळून करायच्या होत्या.

"आधी तुमचाच मेंदू तपासायला हवा," त्याच्या बडबडीला कंटाळून ती एकदा म्हणाली.

"तपासा की! निकाल फक्त एकांतात सांगा..."

हसू लपवायला ती उगाच वायरी गुंडाळत बसली.

मग ती चिमुरडी आली. सायकलवरून पडून डोक्याला मार लागलेली. कागदावरच्या चाचण्यांत पैकीच्या पैकी. घरी मात्र एक मोजा घातला, की दुसरा हातातच राहायचा. "सोंगं आहेत सगळी," वडील म्हणायचे.

आभासी वर्गातल्या बाई म्हणाल्या, "निळी वही काढ, नाव लिही आणि वही मला आणून दे." तिने वही काढली. तेवढ्यात खिडकीत मांजर आली... आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"मला येत होतं," म्हणत मुलगी रडायला लागली.

"मांजर काढून टाकतो," प्रोग्रॅमर पुटपुटला.

"हात लावू नका!" कोडीताई कडाडली. "खऱ्या शाळेतली मांजर कोण काढणार?"

"ती रडतेय, दिसत नाही तुम्हाला?"

कोडीताईने मुलीचा चष्मा उतरवला. तो तोंड फिरवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना बोलावलं आणि मुलीला चष्म्यातून जे दिसत होतं, ते पडद्यावर दाखवलं. प्रोग्रॅमर मागे उभा होता.

"म्हणजे... ही सोंग करत नव्हती?" वडिलांनी विचारलं.

"नाही. मध्ये काही आलं, की पुढचं काम तिच्या डोक्यातून पुसलं जातं. एका वेळी एकच काम सांगा. जमेल तिला. शाळेशीही मी बोलते."

वडिलांनी लेकीला पोटाशी धरलं. "चुकलं माझं, बाळा."

बाप-लेक गेल्यावर प्रोग्रॅमर म्हणाला, "तुमचं बरोबर होतं. मला तिचं रडणं बघवलं नाही, एवढंच."

"मलाही कुठे बघवत होतं..." आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू तिला फुटलं.

या वेळी त्याने विनोद केला नाही. तिचे डोळे कोरडे होईपर्यंत तो नुसता शेजारी बसून राहिला.

"इथलं माझं काम या आठवड्यात संपतंय," मग तो हळूच म्हणाला. "पुढे यायला काही कारण नाही. पण मला यायचंय... तुमच्यासाठी. नको असेल, तर आत्ताच सांगा."

तिच्या ओठांवर हसू येऊ पाहत होतं. चेहरा मात्र तिने तपासणीच्या वेळी असायचा तसाच ठेवला.

"ये की. पण हे असं अहो-जाहो करत येणार असशील, तर नको."

तिने आपल्याला अरे-तुरे केलं, हे त्याच्या ध्यानात यायला अंमळ वेळच लागला.