कोऱ्या कापडाची पिशवी

दुकानात येऊन कापड हुंगणारं गिऱ्हाईक उल्काने इचलकरंजीतही पाहिलं नव्हतं. कॅनडातल्या व्हिटबीच्या या कापडदुकानात तर नाहीच नाही. बाहेर एप्रिलमधला बर्फमिश्रित पाऊस काचेवर टकटक करत होता, दुकान रिकामं होतं, आणि मागच्या रांगेत एक उंच, भिजलेला मुलगा गोधडीत भरायच्या पांढऱ्या बॅटिंगच्या रोलमध्ये नाक खुपसून उभा होता.

एक रोल हुंगला. ठेवला. दुसरा उचलला...

"वास तर नाही येऊन राहिला," तो स्वतःशीच पुटपुटला.

उल्काने कान टवकारले. मराठी — आणि तीही नागपूरकडची.

"नाहीच येत वास," ती मागून म्हणाली. "गोधडीत घालायचं असतं ते. फोडणीत नाही."

तो दचकून वळला. चष्म्यावर पाण्याचे थेंब तसेच होते, आणि ते पुसायचे सोडून त्याने रोल छातीशी घट्ट धरला होता.

"गोधडीसाठी नाही हो. मला... माशांसाठी हवंय."

"तुमच्याकडे मासे पांघरून झोपतात का?"

तो हसला. मोकळं, जरा ओशाळं हसू. "खाऱ्या पाण्याचा टँक आहे घरी. खाली कपाटात एक लहान टँक असतो, त्याला संप म्हणतात. वरचं पाणी त्यात पडतं, गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं. गाळायच्या तयार पिशव्या मिळतात, पण त्या सारख्या बदलायच्या म्हणजे मासे जेवणार आणि मी उपाशी. म्हणून स्वस्तातलं, केमिकलचा वास नसलेलं काही शोधतोय."

"नागपूरचे ना? आणि थेट खाऱ्या पाण्याचे मासे?"

"समुद्र नाही म्हणूनच तर. ज्याच्या दारात समुद्र आहे, तो कशाला घरात आणेल?"

उत्तर उल्काला आवडलं. अर्थात तिने तसं दाखवलं नाही. आवडलेलं लगेच दाखवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

आता उल्काचं सांगायचं तर, ती टेक्स्टाइल इंजिनिअर. मागांच्या खडखडाटात वाढलेली. इथला डिप्लोमा झाला, वर्क परमिट आलं, आणि मनासारखी नोकरी मिळेपर्यंत ती या दुकानात होती. पण कापडाचा विषय निघाला की तिची मान आपोआप ताठ व्हायची. तिने एकेका रोलचं लेबल वाचायला सुरुवात केली.

"हा नको, कॉटन मिक्स आहे, पाण्यात कुजेल. याला आग लागू नये म्हणून केमिकल मारलंय. आणि हा गोंदाने चिकटवलेला." मग तिने शेजारच्या ताग्यावर टिचकी मारली. "बॅटिंग सोडाच. हा साधा पॉलिएस्टर फेल्ट घ्या, दाबून केलेलं जाड कापड. पिशवी शिवली की धुऊन धुऊन वापरता येईल."

"पण मला शिवता नाही येत."

"मला येतं की."

त्याने छातीशी धरलेला रोल जागेवर ठेवला. बाहेर पाऊस चालूच होता.

"शिलाई?" त्याने हळूच विचारलं.

"मासे दाखवायचे."

त्याचं नाव स्वानंद. सॉफ्टवेअरवाला, जवळच एका टाउनहाउसमध्ये भाड्याने राहणारा. महिनाअखेरच्या रविवारी त्याच्या रीफ क्लबची, म्हणजे असेच खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारी मंडळी पहिल्यांदाच टँक बघायला येणार होती. "दोन वर्षं राबलोय त्याच्यावर," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याचा आवाज असा काही बदलला, की उल्काने मनात ठरवून टाकलं — पिशवी अशी शिवायची की बघत राहिले पाहिजेत सगळे.

पिशवीच्या मापाचं निमित्त झालं, मग दोऱ्याचं. मग निमित्तं संपली तरी भेटी चालूच राहिल्या. कोपऱ्यावरच्या टिम्स कॅफेतली कॉफी झाली, बंदरावरच्या गार वाऱ्यात फेऱ्या झाल्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा वाऱ्याने तिची टोपी उडाली, त्याने पळत जाऊन आणली आणि तिच्या डोक्यावर ठेवताना उगाच थोडा जास्तच वेळ घेतला. उल्काने तो वेळ घेऊ दिला.

पिशवी तयार झाली. तळाला दुहेरी शिवण, पॉलिएस्टरचाच दोरा, काठ एकसारखा. पण कोरं कापड धुतल्याशिवाय द्यायचं? आईने कधी चक्क्याचं फडकं कोरं वापरलं नव्हतं, कधी बाळाचं झबलं कोरं घातलं नव्हतं. उल्काने पिशवी बेसमेंटमधल्या मशीनमध्ये टाकली. साबण घातला, वर घरमालकिणीचं लॅव्हेंडरच्या वासाचं सॉफ्टनरही ओतलं. मायेने केलं सगळं.

गुरुवारी पिशवी दिली. रात्री त्याचा मेसेज आला: 'एक नंबर. मासेही खूष.'

तिने तो रूममेट कस्तुरीला दाखवला. दुकानातल्या मॅनेजरलाही दाखवला. परदेशात आल्यापासून तिने शिकलेलं काहीतरी पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरात कामाला आलं होतं. त्या आनंदात तिने आणखी दोन पिशव्या शिवल्या, तशाच प्रेमाने धुतल्या आणि शनिवारी सकाळी न सांगता त्याच्या दारात उभी राहिली.

दार उघडलं तसा लॅव्हेंडरचा वास आला.

जमिनीवर ओले टॉवेल, बादल्या. टँकखालच्या कपाटातून दूध उतू जावं तसा फेस बाहेर येत होता. वर पाणी गढूळ झालेलं, पोवळी आक्रसून बसलेली. दोन नारिंगी मासे मात्र कोपऱ्यात शेपटी हलवत होते.

"माझ्या पिशवीमुळे?" तिने विचारलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "साबणाचा थोडा अंश राहिला असेल. फेसावाटे घाण काढणारं मशीन असतं ना, त्याला तो चालत नाही. पाणी बदललंय, कोळसा टाकलाय. उतरेल..."

"कधीपासून?"

"गुरुवारपासून."

"आणि तू मला 'एक नंबर' लिहिलंस?"

"तू इतकी आनंदात होतीस, उल्का. मला नाही सांगवलं."

तेवढ्यात तिला पिशवी दिसली. पुन्हा पुन्हा खळबळून त्याने ती पडद्याच्या दांडीवर जपून वाळत घातली होती.

"ही फेकली का नाहीस?"

"तू शिवलेली आहे."

एखादी विरघळली असती. उल्काचे डोळे भरून आले, पण ते रागाने.

"तेच चुकलं तुझं. फेकायची होती आणि मला फोन करायचा होता. लहान मुलीच्या चित्राला छान म्हणतात, तसं छान म्हणालास माझ्या कामाला. मी इंजिनिअर आहे, स्वानंद. माझं चुकलं तर चुकलं म्हण. खोटं कौतुक ऐकायला मी एवढ्या लांब नाही आले."

आणि ती निघून गेली. सॉफ्टनर लावलेल्या दोन पिशव्याही परत घेऊन गेली.

दिवसभर दोघांनी फोन केला नाही. ती चिडली होती त्याच्यावर, आणि खरं तर जास्त स्वतःवर. कापडातलं सगळं कळतं म्हणून मिरवायचं, आणि ते कुठल्या पाण्यात जाणार याचा विचारही करायचा नाही? दुपारी तिने नवा फेल्ट कापला.

रविवारी सकाळी बेल वाजली. स्वानंदने दार उघडलं. ती सरळ आत आली, बाही वर केली, सिंकचा नळ सोडला.

"कोरी आहे. साबण लागलेला नाही. नुसत्या पाण्यात खळबळायची. धर ते टोक."

दोघांनी मिळून पिशवी पिळली. हात हाताला लागत होते. पाणी एव्हाना बरंच निवळलं होतं. त्याने पिशवी संपमधल्या कड्यात बसवली, पंप लावला आणि वाकून बघत राहिला.

"कशी आहे?" तिने विचारलं.

तिचा आवाज साधाच होता. पण मनात ठरलं होतं... आता जर हा गोड बोलला, तर पर्स उचलायची आणि पुन्हा या दारात पाऊल ठेवायचं नाही.

त्याने पिशवीच्या काठावरून बोट फिरवलं. मग चष्मा वर सरकवत म्हणाला, "शिवण सुंदर आहे. पण... कड्यावर सैल बसते. बाजूने पाणी न गाळताच खाली जाऊन राहिलंय."

उल्काने श्वास सोडला. इतकं गोड तिच्याशी कुणी कधी बोललं नव्हतं.

"दे इकडे," म्हणत तिने पर्समधून सुई काढली आणि तिथेच जमिनीवर बसून काठाला चुणी घातली.

दुपारी क्लबची मंडळी आली. काचेसारख्या स्वच्छ पाण्यात पोवळी हळूहळू उघडत होती. एका आजोबांनी कपाटात डोकावून विचारलं, "पिशवी कुठल्या कंपनीची?"

"ही उल्काने बनवली आहे," स्वानंद इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पहिलीने माझं घर फेसाने भरलं होतं. ही मात्र अगदी अचूक आहे."

सगळे हसले. उल्काही हसली, मान ताठ ठेवून. पहिल्या पिशवीचंही सांगितलं, म्हणून तर दुसरीचं कौतुक तिला पुरतं खरं वाटलं.

मंडळी गेली. टँकच्या निळ्या उजेडात दोघंच उरली.

"अजून एक खरं सांगायचं आहे," तो म्हणाला. "रागावणार नसशील तर..."

"गोड करून सांगू नकोस म्हणजे झालं."

"त्या दिवशी दुकानात... वास येत नाही हे मला पहिल्याच रोलला कळलं होतं. काउंटरमागे तू दिसलीस. दुसरा रोल उगाच हुंगला. आणि ते मराठीतलं पुटपुटणं जरा मोठ्याने होतं. बॅजवर तुझं मराठी नाव वाचलं होतं मी."

उल्का त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तू..."

"आवडतेस मला. तेव्हापासून."

तिने पुढे होऊन त्याचा चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने सावकाश पुसून परत त्याच्या डोळ्यांवर बसवला.

"मलाही आवडतोस तू," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी काउंटरवर येऊन सरळ नाव विचार. ते रोल पुन्हा नीट गुंडाळायला मला अर्धा तास लागला होता."