बेल दोनदा वाजवावी

तो पायरीवर उभा होता. टोपीवर बर्फ, खांद्यांवर बर्फ, आणि हातात किल्ली.

त्या दिवशी कॉलेज लवकर सुटलं म्हणून, नाहीतर दुपारी दीडला दानुता कुलिक घराच्या आसपासही फिरकली नसती. कोपऱ्यावरून वळतानाच तिनं त्याला ओळखलं. लेशेक, त्यांचा भाडेकरू. माडीवरच्या मागच्या खोलीत अडीच वर्षं राहणारा, पहाटे छापखान्यात जाणारा, आणि जेवताना मीठ मागण्यापलीकडे सहसा तोंड न उघडणारा माणूस.

"किल्ली लागत नाहीये का?" तिनं विचारलं.

"लागते की."

"मग इथं काय करताय?"

"बेल वाजवली. दोनदा." तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "कुलिकसाहेबांचा नियम आहे. किल्ली पहाटे जाताना कुलूप लावायला. येताना बेल दोनदा वाजवायची, कुणी उघडलं की आत यायचं. आज कुणी उघडलंच नाही... तसं झालं तर काय करायचं, ते त्यांनी सांगितलेलं नाही."

"किती वेळ झाला?"

"चाळीस मिनिटं असतील."

दानुताला हसू आवरेना. रोज घरी असणारी आई नाताळच्या तयारीसाठी चर्चमध्ये गेली होती, आणि हा शहाणा किल्ली हातात धरून गोठत होता! हसता हसता तिचं लक्ष त्याच्या पापण्यांकडे गेलं. त्यांवरही बर्फ होता, आणि त्याखाली तोही हसत होता. हा माणूस हसतो, हे तिला अडीच वर्षांत कळलं नव्हतं.

आता अमेरिकेतल्या त्या पोलिश घरातला सगळ्यात मोठा नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं तिथंच अडलं. भाडेकरूनं घरच्या मुलीकडे मान वर करून बघायचं नाही. हे कधी कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. लेशेकच्या आधीचा भाडेकरू दानुताच्या थोरल्या बहिणीला, हेलेनाला, एकदाच सिनेमाला घेऊन गेला होता. परत येऊन बघतो तर त्याची ट्रंक फुटपाथवर. बाबांनी आवाजसुद्धा चढवला नव्हता. पुढे हेलेना लग्न करून डेट्रॉइटला गेली ती गेलीच, नाताळलाही येईना. बाबा तिचं नाव काढत नसत, पण तिचं पत्र आलं की आधी तेच फोडत.

दानुता हे सगळं जाणून होती. तरी तिनं त्या दुपारी लेशेकला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली, कारण तिला त्याच्याकडून काम होतं.

तिचं समाजशास्त्राचं पहिलंच वर्ष. शिकवायला हॅडलीबाई. या बाई कुठलीही साधी गोष्ट उचलायच्या, टेबल म्हणा, लग्न म्हणा, आणि सांगायच्या की हिच्याकडे तीन खिडक्यांतून बघा. पहिलीतून दिसतं, ही गोष्ट दहा माणसांना धरून कशी ठेवते. दुसरीतून दिसतं, हिच्यात हुकूम कुणाचा चालतो आणि सोसतं कोण. तिसरी खिडकी अगदी लहान. तिच्यातून दिसतात फक्त दोन माणसं, एकमेकांना खुणा करणारी आणि त्या खुणांचा अर्थ तिथल्या तिथं ठरवणारी. पहिल्या दोन खिडक्या दानुताला तोंडपाठ होत्या. तिसरी मात्र काही केल्या उघडत नव्हती. आणि सत्राच्या शेवटी बाईंनी गृहपाठ दिला तो असा: एक अख्खी संध्याकाळ स्वतःच्या घरात भाडेकरूसारखं वागा, आणि हे नाटक आहे असं घरच्यांना कळू देऊ नका. नियम मोडल्याशिवाय दिसत नाही, असं बाईंचं म्हणणं.

"पण भाडेकरू वागतो कसा, हेच मला ठाऊक नाही," दानुता म्हणाली. "तुम्ही शिकवाल?"

लेशेकनं कप खाली ठेवला. "आणि माझी फी?"

"काय घ्याल?"

"बेल ऐकली की दार उघडायचं. पहिल्याच बेलेला."

सत्र संपत आल्यानं कॉलेज लवकर सुटे; चार दुपारी शिकवणी चालली. आई चर्चमध्ये, बाबा सॉसेजच्या कारखान्यात, आणि स्वयंपाकघरात ही दोघं. जिन्याची सातवी पायरी वाजते, ती चुकवायची. खिडकीजवळच्या खुर्चीत, म्हणजे बाबांच्या खुर्चीत, घरात कुणी नसलं तरी बसायचं नाही. वाढलेल्या साराची स्तुती करायची, पण दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. फ्रिज विचारल्याशिवाय उघडायचा नाही, अगदी स्वतःचं दूध ठेवलेलं असलं तरी. नॅपकिनची घडी तिकोनी घालायची आणि ताटलीखाली सारायची, म्हणजे उचलणाऱ्याला त्रास नाही. दानुता हे सगळं इतकं हुबेहूब करू लागली, की तिला 'आपली हरकत नसेल तर' म्हणताना पाहून लेशेक पोट धरून हसायचा. मग बाहेर कुणाचं पाऊल वाजलं, की दोघं एकदम गप्प व्हायची. चौथ्या दुपारी दोघं अशीच गप्प झाली, आणि बाहेर तर कुणीच नव्हतं.

"सगळ्यात अवघड काय असतं?" तिनं मग उगाचच विचारलं.

तो कपाशी चाळा करू लागला. "आई तुम्हाला दिवसातून किती वेळा ओरडते?"

"मोजलं नाही बाई. दहादा... बारादा?"

"मला अडीच वर्षांत एकदाही नाही." तो हसत म्हणाला खरा, पण ते हसू काही टिकलं नाही. "भाडेकरूवर कुणी ओरडत नाही. त्याला सगळे सांभाळून बोलतात. आणि तो माडीवर बसून ऐकत असतो. या घरात कोण कसं चालतं, मला पावलांवरून कळतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही जिन्यावर... थांबत थांबत चढता."

दानुतानं मान खाली घातली. तिची पावलं कुणी ऐकत असेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर ती उठून उभी राहिली. "कुलिकसाहेब, आपली हरकत नसेल तर थोडं पाणी घेऊ का?"

बाबा खो खो हसले. राणीसाहेबांना पाणी द्या, म्हणाले. पण तिनं आईला 'कुलिकबाई' म्हटलं, साराबद्दल आभार मानले आणि दुसऱ्यांदा नको म्हणून सांगितलं, तेव्हा आईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. बाबांनी दोनदा थट्टेवर नेलं, तिसऱ्यांदा 'दानुशा, पुरे' म्हणून दटावलं. त्यावर ती म्हणाली, "माफ करा, माझं काही चुकलं का?"

बाबांचा चेहरा उतरला. एवढा धिप्पाड माणूस, पण त्या एका वाक्यानं खचलाच. दानुताला इथंच नाटक थांबवायचं होतं, पण हातांना सवय लागली होती. तिनं नॅपकिनची तिकोनी घडी घातली आणि ताटलीखाली सारली. बाबांची नजर त्या घडीवर गेली. मग तिथून हळूहळू सरकत लेशेकच्या ताटलीवर. तिथंही तशीच घडी होती, कोपऱ्याला कोपरा लागलेली.

"हे कुठं शिकलीस?"

कॉलेजात, असं सांगता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. पण लेशेक आधीच उभा राहिला होता. "मी शिकवलं, साहेब. चार दुपारी. इथंच."

"घरात कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

मग दानुतानं गृहपाठ, हॅडलीबाई, सगळं भडाभडा सांगून टाकलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गृहपाठ समजला," ते म्हणाले. "तिकोनी घडी शिकायला चार दुपारी कशाला लागल्या?"

दानुता कानापर्यंत लाल झाली, आणि तेच उत्तर झालं.

खोली उद्या सकाळी रिकामी करा, एवढंच बाबा म्हणाले. आई मध्ये पडली. नाताळच्या तोंडावर घरातून माणूस घालवत नाहीत, ही आपली रीत आहे, असं तिनं बजावलं. बाबांनी खुर्ची मागे सारली. "मग सव्वीसला."

त्यानंतर लेशेक जेवायला खाली येईना. दुपारी बेल वाजायची, दोनदा, आणि दार आई उघडायची. दानुता आपल्या खोलीत बसून ऐकायची. सातवी पायरी चुकवून जाणारी त्याची पावलं, मग खोलीचं दार, मग ट्रंक ओढल्याचा आवाज. आता माणूस आवाजावरून ओळखायची पाळी तिची होती. मला हा हवाय, तिला स्वच्छ कळून चुकलं, आणि परवा-तेरवा तो जाणार आहे. बाईंची तिसरी खिडकी उघडली ती अशी, रडवून.

तेवीस तारखेला आईबरोबर पिएरोगी भरताना तिचे डोळे सारखे भरून येत होते. आई खालमानेनं करंज्यांसारख्या कडा दुमडत होती. "बेल दोनदा वाजवायचा नियम कुणाचा, ठाऊक आहे?" ती एकाएकी म्हणाली. "माझ्या वडिलांचा. तुझे बाबा या देशात आले ते आमच्याकडेच भाड्यानं राहायला. तीन वर्षं वाजवली त्यांनी बेल."

दानुताचा हात थांबला. "आणि दार कोण उघडायचं?"

"पीठ सुकतंय, आवर," आई म्हणाली, पण तिच्या गालाला रंग चढला होता. "मी आठवण करून दिली तर भांडण होईल. तू बघ काय ते."

संध्याकाळी दानुतानं निबंध पुरा केला. बाबांच्या खुर्चीबद्दल, फ्रिजबद्दल, सातव्या पायरीबद्दल तिनं लिहिलं. मी हे एकच संध्याकाळ केलं आणि मला रडू आलं, आमच्या घरात एक माणूस अडीच वर्षं हेच करतोय, असंही लिहिलं. शेवटी एक ओळ घातली: 'याच घरमालकानं तरुणपणी दुसऱ्याच्या दारावर दोनदा बेल वाजवली होती. तेव्हा दार कुणी उघडलं, हे त्यांना विचारायचं राहिलं.' मग तिनं ते कागद बाबांच्या खुर्चीत ठेवले.

सकाळी खुर्चीत कागद नव्हते. लेशेकची ट्रंक बांधून जिन्याखाली ठेवलेली होती. येता-जाता ती पायात येई आणि बाबा तिला वळसा घालून जात.

दिवस मावळला. आईनं रीतीप्रमाणे टेबलावर थोडा पेंढा पसरून वर पांढरं कापड घातलं आणि चार ताटल्या मांडल्या. तीन घरच्या, आणि एक अवचित दारी येणाऱ्या पाहुण्याची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती ताटली हवीच. गेली दोन वर्षं लेशेक तिथंच बसत आला होता. पहिली चांदणी दिसली, म्हणजे जेवायला बसायची वेळ झाली, तरी त्याचा पत्ता नव्हता. छापखाना दुपारीच सुटला असणार. आता येतो की तसाच कुठं निघून जातो... दानुतानं टेबलाची कड घट्ट धरली.

बेल वाजली. दानुता ताडकन उठली.

"बस खाली," बाबा म्हणाले.

दुसरी बेल वाजली. बाबा स्वतः गेले. बोळकांडीतून थंड वारा आत आला आणि त्यांचा आवाज ऐकू आला. "किल्ली कुठाय?"

"खिशात आहे, साहेब. देतो परत."

"परत कशाला? वापर की. दर वेळी मी उठायचं का?"

लेशेक आत आला, तोपर्यंत त्याला काही उमगलं नव्हतं. नेहमीच्या सवयीनं तो चौथ्या ताटलीकडे वळला.

"तिथं नाही," बाबा म्हणाले.

लेशेक जागच्या जागी थांबला. त्याची नजर जिन्याखालच्या ट्रंकेकडे गेली. बाबांनी कपाट उघडलं. ते चुकीचं निघालं. दुसरं उघडलं. उभ्या जन्मात त्यांनी कधी ताटली काढलेली नव्हती, आणि आई हाताची घडी घालून मजेत बघत होती. शेवटी एकदाची सापडली. बाबांनी ती आणून दानुताच्या शेजारी ठेवली.

"ती पाहुण्याची जागा आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पाहुणा आला तर त्याला काय उभं ठेवू? तू इथं बस." मग दानुताकडे न बघता म्हणाले, "तुझ्या बाईंना सांग, दार तुझ्या आईनं, मारियानानं उघडलं होतं. पहिल्याच बेलेला."

आईनं ओप्लातेक वाटलं, कागदासारखी पातळ पांढरी पोळी. एकमेकांच्या पोळीचा तुकडा मोडायचा आणि मनापासून काही चांगलं मागायचं. लेशेकनं दानुताच्या हातातली पोळी मोडली.

"तुम्हाला... चांगले गुण मिळोत."

"ते मिळतील," ती कुजबुजली. "तू दुसरं काहीतरी माग."

त्या 'तू'नं तो पुरता गडबडला. मग म्हणाला, "तुझी पावलं मला ऐकू येत राहोत. जन्मभर."

"येतील," दानुता म्हणाली. एवढं एकच तिला धड म्हणता आलं.

बाबा नाक शिंकरत होते. चटणी कुठाय, म्हणून त्यांनी उगाच कुरकुर केली. लेशेक उठला, फ्रिजपाशी गेला, आणि सवयीनं विचारायला वळला. दानुतानं नुसती मान हलवली. त्यानं दार उघडलं, न विचारता, आणि आतल्या दुधाच्या बाटल्यांकडे आयुष्यात कधी न पाहिल्यासारखा बघतच राहिला.

"अरे, दार लाव ते!" आई कडाडली. "उघडं टाकून काय बघत बसलायस? सगळा फ्रिज कोमट करशील!"

लेशेकनं दार लावलं. चटणीची बरणी छातीशी धरून तो तसाच उभा राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"एक," दानुतानं मोजलं.