उभ्या ट्रकचा कोड

आता तो ट्रक गराजमध्ये नाही, म्हणून सांगतो. ऐकून झाल्यावर सावनीसमोर मात्र हा विषय काढू नका. बायको आहे माझी, पण त्या दिवसाचं तिनं मला अजून पुरतं माफ केलेलं नाही, आणि तिचं बरोबर आहे.

सप्टेंबरात मी एक जुना पिकअप ट्रक घेतला. इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला पिकअप कशाला, हा सावनीचा प्रश्न रास्त होता. मंडळाच्या खुर्च्या, गणपतीचं मखर, अशी काहीबाही कारणं मी पुढे केली. खरं कारण हौस. दोन तासांवरच्या एका गावातून तो आणला. विकणाऱ्या कॅरलबाई म्हणाल्या, वडिलांचा आहे, ते गेल्यापासून पडून आहे. कसे गेले हे मी विचारलं नाही.

पंधरा दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. तेवढ्यात प्रदूषण चाचणीचं पत्रही आलं, आणि दिवा पेटलेली गाडी चाचणीत नापास होते. बिघाडाचा कोड वाचणारा एक छोटा स्कॅनर आणून मी स्टिअरिंगखाली जोडला. पी-शून्य-चार-वीस असा कोड आला. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. धुरातला विषारी वायू मारणारा, गाडीच्या पोटाखालचा डबा तो.

आमच्या धंद्यात एक वाईट खोड असते. तक्रार आली की आधी ती बंद करायची, पुन्हा आली तर बघू. मी कोड पुसून टाकला. पी हळद आणि हो गोरी. दोन दिवसांनी दिवा पुन्हा हजर. असा मी तो चारदा पुसला.

शेवटी एका शनिवारी दुपारी गुरुनाथकाकांना बोलावलं. काका नागपूरचे, सगळी हयात इंजिनांत गेलेली. आता इथे मुलाकडे राहतात आणि रिकामे बसून वैतागतात. मी नुसताच पुसत होतो हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. आधी वाचायचं असतं, म्हणाले. कोड पडतो त्या क्षणाची नोंद ट्रकचा कॉम्प्युटर जपून ठेवतो. वेग किती होता, बाहेरची हवा किती थंड, इंजिन किती वेळ चालू. ती नोंद मी एकदाही उघडली नव्हती.

काकांनी उघडली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. वेग शून्य. बाहेरची हवा उणे चोवीस. इंजिन सुरू होऊन तीन तास दहा मिनिटं.

बाहेर ऊन पडलं होतं आणि मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभा होतो.

"हा कोड गाडी पळताना पडतो," काका म्हणाले. "उभ्या गाडीत पडत नाही."

"मागच्या हिवाळ्यातला असेल, काका."

"तू पुसलास ना? मग जुनं काही उरत नाही."

या खेपेला त्यांनी स्वतः पुसला. आम्ही हायवेवर एक चक्कर मारली, बरोबर वीस मिनिटांची. गराजमध्ये शिरता शिरता दिवा लागला. वेग शून्य, हवा उणे चोवीस. इंजिन सुरू होऊन तीन तास तीस मिनिटं.

ट्रकमध्ये ओल्या लोकरीच्या हातमोज्यांचा वास येऊ लागला होता. काचा वर होत्या, तरी मला पायांशी गार लागत होतं.

"म्हणजे ते इंजिन..." काका हळूच म्हणाले, "जिथे कुठे आहे तिथे... अजून बंद झालेलं नाही."

मी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली, आणि गराजचं दार उघडंच ठेवून आम्ही स्वयंपाकघरात आलो. सावनीनं चहा ठेवला. मी कॅरलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, जानेवारीतल्या थंडीच्या लाटेत वडील सकाळी ट्रक तापवायला गराजमध्ये गेले आणि दार बंद झालं. त्या पोचल्या तेव्हा इंजिन चालूच होतं. चार तास चालू असावं, असं पोलिसांनी सांगितलं. घरात विषारी वायूचा अलार्म होता, पण सारखा वाजतो म्हणून वडिलांनीच त्याची बॅटरी काढून ठेवली होती.

काकांनी कप खाली ठेवला. "तुमचा अलार्म चालू आहे ना?"

आपल्या घरांमध्ये काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या की अलार्म बोंब मारतो. आमचा धूर आणि वायू दोन्हींचा एकच होता. दसऱ्याला पाहुणे यायचे म्हणून मी तो इलाच्या खोलीबाहेरून उतरवला होता आणि परत लावायचं विसरलो होतो. इला आमची मुलगी, सात वर्षांची. तिची खोली गराजच्या बरोबर वर आहे.

मी ड्रॉवर उघडला. मसाल्याच्या डब्यामागे अलार्म पडला होता, बॅटरीशिवाय. तो हातात घेतला आणि मांडणीतल्या वाट्या बारीक किणकिणू लागल्या. पायाखालची फरशी थरथरत होती.

"इला कुठे आहे?" मी विचारलं.

"तुमच्याजवळ होती ना... गराजमध्ये?" सावनी म्हणाली.

मी धावलो. गराजचं मोठं दार बंद होतं. धुरानं डोळे चुरचुरले. ट्रकचं इंजिन चालू होतं आणि किल्ली माझ्या खिशात मांडीला टोचत होती. इला पुढच्या सीटवर होती, मान ड्रायव्हरच्या बाजूला कललेली, कुणाच्या तरी खांद्यावर टेकावी तशी. तिला उचलून मी अंगणात कसा आलो ते आठवत नाही. ती ओकली, मग रडली. ते रडणं ऐकून मीही हमसून हमसून रडलो.

हॉस्पिटलात ऑक्सिजनचा मास्क निघाल्यावर ती म्हणाली, "ही वॉज कोल्ड, बाबा. ही आस्क्ड मी टू क्लोज द डोअर."

इंजिन कुणी सुरू केलं, हे मी फार जपून विचारलं.

"इट वॉज ऑलरेडी ऑन."

दुसऱ्याच दिवशी मी ट्रक भंगारात दिला आणि त्याचा चपटा पत्रा झालेला उभं राहून पाहिला. घरात तीन नवे अलार्म लावले. आता बर्फ पडत असला तरी आम्ही खिडकी उघडून फोडणी देतो.

जानेवारीत थंडीची लाट आली. बाहेर उणे चोवीस. सकाळी साडेसातला तिन्ही अलार्म एकदम वाजले. इलाला रजईत गुंडाळून आम्ही रस्त्यावर आलो. अग्निशमन दलाची माणसं आली, त्यांनी घरभर यंत्र फिरवलं. कुठेच काही नव्हतं. मग त्यांच्यातल्या एकानं मला गराजमध्ये बोलावलं. ट्रक गेल्यापासून तिथे आम्ही काहीही ठेवलेलं नाही. जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरं दव गोठलं होतं. मधोमध तेवढी एक जागा ओली, काळी होती.

गाडी आत्ताच बाहेर काढलीत का, असं त्यानं विचारलं.

मी वाकून तिथे हात टेकला. जमीन कोमट होती.