खोबणीची शाबूत कड

"साहेब, तुम्ही निरपराध माणूस आत डांबलाय," निवेदिता म्हणाली. "आणि हे तुम्हाला ठाऊक आहे."

इन्स्पेक्टरनं कॉफीचा घोट घेतला. "डिटेक्टिव्ह मॅडम, वॉचमननं फ्लॅटवाल्याच्या डोळ्यावर काठी घातली. हाड मोडलं. रक्त लागलेली काठी जप्त आहे. आणखी काय पाहिजे?"

"डोळ्याचा स्कॅन."

"घ्या. बसा काळं-पांढरं बघत."

गजाआड वॉचमन योगीराज बसला होता, कपाळाला पट्टी. त्याची निपाणीकडची बायको धनलक्ष्मी कुजबुजली, "अक्का, ह्यांच्याकडं काठी नसतीच. टॉर्च असतोय. आन् परवा आत नेलं तवा डोस्कं धड हुतं बघा."

"बाथरूममध्ये घसरला," इन्स्पेक्टर म्हणाला.

निवेदिताचा चुलतभाऊ गुरुदत्त तिची गाडी चालवायचा आणि हमखास चुकीचा अंदाज बांधायचा. एचएसआर लेआउटमधली योगीराजची सोसायटी येईपर्यंत त्यानं योगीराजला दोनदा फासावर चढवलं.

फ्लॅटमध्ये तक्रारदार श्रीहर्ष डाव्या डोळ्याला बर्फ लावून बसला होता. डोळा जांभळा, पण टाका सोडा, ओरखडाही नाही.

"परवा सकाळी गेटवर बाचाबाची झाली. त्यानं काठी मारली. तिथंच डोळा फुगून बंद!"

"तिथं कुठं?" त्याची बायको क्षमा बोलून गेली. "घरात नाक शिंकरलंस तेव्हा फुगला ना?"

श्रीहर्षनं तिच्याकडं रोखून पाहिलं. तिनं गळ्याभोवतीची ओढणी आवळली.

तिचा भाऊ अद्वैत खिडकीशी उभा होता. उजवा हात खिशात. कॉफी त्यानं डाव्या हातानं घेतली. घड्याळही त्याच मनगटावर.

"डाव्या डोळ्यावर मार, म्हणजे मारणारा उजव्या हाताचा," लिफ्टमध्ये गुरुदत्त म्हणाला. "अद्वैत डावखुरा. सुटला!"

"अण्णा, डावखुरे बहुतेक घड्याळ कुठल्या हातात बांधतात?"

दुपारी निवेदितानं सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. स्क्रीनवर स्कॅन होता.

"ही डोळ्याची खोबणी. ही भोवतालची जाड कड. काठी आधी कडेवरच बसते. कड मोडते, कातडी फाटते. इथं कड शाबूत आहे. फुटलीय ती खालची, हाडाची कागदासारखी पातळ फळी. मूठ बसली, डोळा आत दबला आणि फळी खालच्या, नाकाला जोडलेल्या पोकळीत कोसळली. पापणीखालचे हे काळे ठिपके म्हणजे हवा. नाक शिंकरलं की त्या पोकळीतली हवा फटीतून वर येते, डोळा फुगतो. क्षमा खरं बोलली. डोळा फुगला तो घरात."

"मूठ वॉचमनचीही असेल की!" गुरुदत्त म्हणाला.

"मग तक्रारीत काठी कशाला? अद्वैत, खिशातला हात काढ."

उजव्या मुठीची बोटं सुजली होती.

"यानं ताईचा गळा धरला होता," अद्वैत म्हणाला. "मी ठोसा मारला. वॉचमनचं नाव यानं घेतलं तेव्हा मी घाबरून गप्प बसलो."

क्षमानं ओढणी काढली. गळ्यावर पाच बोटांचे वळ होते.

"मेहुण्याचं नाव घेतलं असतं तर हे वळ बाहेर आले असते," निवेदिता म्हणाली. "वॉचमनशी त्या सकाळी भांडण झालंच होतं. गरीब माणूस, आयता सापडला."

श्रीहर्षची मान खाली गेली. इन्स्पेक्टर घाईनं उठला. "सरी मॅडम, सरी. बरं, ठीक आहे. सोडतो त्याला. विषय संपला."

निवेदिता खुर्चीवरून हलली नाही.

"नाही संपला. श्रीहर्षला ओरखडा नाही. योगीराजकडं काठी नव्हती. पण तुमच्या जप्तीतल्या काठीला रक्त आहे."

आयुष्यात पहिल्यांदा गुरुदत्तनं बरोबर जागी पाहिलं. योगीराजच्या कपाळावरच्या पट्टीकडं.

"बोला साहेब. ते रक्त कुणाचं?"